मास्तरांचं माप

टाचणीला खोटं बोलता येत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर तिला सगळ्यात शेवटी सांगितलं.

ते पण कुठे, तर जिन्यात. वरच्या पायरीवर आत्या, मधे कठड्याला टेकून आई, खाली बाबा, आणि त्यांच्याही खाली टाचणी, हातात इस्त्री केलेल्या शर्टांची चळत घेऊन.

"अण्णांना कॅन्सर आहे," आत्या म्हणाली. "पोटात. पसरलाय. डॉक्टर म्हणाले, तीन महिने. त्यांना सांगायचं नाही."

"कुणाला?" टाचणीनं विचारलं, कारण डोकं चाललंच नाही.

"अण्णांना! दुसऱ्या कुणाला?"

"मग त्यांना काय झालंय म्हणून सांगायचं?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. ते ठरवायचंच राहिलं होतं.

"अल्सर," आत्या शेवटी म्हणाली. आत्या दुसऱ्या गावात शाळेची मुख्याध्यापिका, तिला शेवटचा शब्द आपला लागतो. "अल्सर म्हणायचं. औषधानं बरा होतो म्हणायचं. सगळ्यांनी एकच बोलायचं, आणि तू," तिनं टाचणीकडे बोट केलं, "तू काहीच बोलायचं नाही. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

आता हे अण्णा कोण, ते आधी सांगायला पाहिजे. आत्या आणि बाबांचे अण्णा म्हणजे टाचणीचे आजोबा, आणि बाकी सगळ्या रस्त्याचे मास्तर. वय शहात्तर. त्यातली एकसष्ट वर्षं कापड कापण्यात गेली. घराच्या खालीच दुकान. काचेचं दार, ज्याचं हँडल तिसऱ्यांदा निखळलंय आणि जागेवर शिवणकामाचा जाड दोरा बांधलाय. आत पलंगाएवढं कटिंगचं टेबल, कडा हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या. दोन मशिनं, एक वाफेची इस्त्री, कोपऱ्यात पडदा लावलेली कपडे घालून बघायची जागा. खिळ्यावर कागदी खाके टांगलेले, पाठ, पुढा, बाही, कॉलर, मधेच एखाद्या मेलेल्या गिऱ्हाइकाचं पोट.

मास्तर कमी बोलायचे, पण जे बोलायचे ते टोचायचं. टाचणी हे नाव त्यांनीच ठेवलं. बारीक, ताठ, आणि कुणालाही टोचणारी. शाळेच्या दाखल्यावर तिचं दुसरं नाव आहे म्हणतात, पण तो दाखला आणायला कुणी गेलंच नाही. नववीत भूमितीत दुसऱ्यांदा नापास झाली तेव्हा आत्या म्हणाली, ही पोर वाया गेली. मास्तर म्हणाले, "हिच्याकडून काखेचा गोल काढून घे, मग बोल." टाचणीनं खडूनं एका दमात गोल काढला. मास्तरांनी त्यावर टेप फिरवली आणि तिला स्टूल दिलं. त्या दिवसापासून सहा वर्षं ती त्या स्टुलावर आहे, आणि मास्तरांविरुद्ध कुणी शब्द काढला तर त्याची गचांडी धरायला पुढे.

तर जिन्यातलं ते ठरलं, आणि त्याच संध्याकाळी बिघडलं. मास्तरांनी एकेकाला गाठून विचारलं. बाबा घाबरले, "आतड्याला सूज आहे" म्हणाले. आईला ऐन वेळी अल्सर हा शब्दच आठवेना, ती म्हणाली, "जुनं पित्त आहे, दुसरं काय!" आत्या गावी पोचली होती, तिनं फोनवर ठरल्याप्रमाणे अल्सर सांगितला, वर पथ्याची यादी.

मास्तरांनी तिन्ही ऐकून घेतलं. सुईत दोरा ओवला. मग म्हणाले, "म्हणजे पोटात एकदम तीन भाडेकरू आलेत. आणि तिघंही गरीब स्वभावाचे." मग टाचणीकडे वळले. "तुझं काय म्हणणं?"

"मला नाही माहीत."

सहा वर्षांत तिनं त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं खोटं. कान असे तापले की वाफेच्या इस्त्रीची गरज नव्हती. मास्तर बघत राहिले आणि म्हणाले, "खडू दे."

त्यांना कळलं की नाही कळलं? हा प्रश्न त्या संध्याकाळी तिच्या डोक्यात शिरला आणि मुक्कामालाच राहिला.

पण तिचा खरा घोळ दुसरा होता, आणि तो ती कुणाला सांगू शकत नव्हती. तिला कोट यायचा नाही.

शर्ट यायचा, पॅन्ट यायची, बायकांचे कपडे तर ती डोळे मिटून कापायची. पण कोट म्हणजे वेगळी विद्या. आत कॅनव्हास बसवायचा, कॉलर हातानं टाचून वळवायची, बाही अशी लावायची की माणूस उभा असताना ती जशी लोंबते तशीच लोंबली पाहिजे. मास्तरांचा कोट बघायला दुसऱ्या रस्त्यावरचे शिंपी यायचे. शिकायला सहा महिने लागतात असं ते म्हणायचे आणि दर वर्षी ढकलायचे. "हात अजून कच्चा आहे. पुढच्या हिवाळ्यात."

आताही म्हणाले. जिन्यातल्या त्या गोष्टीनंतर चौथ्या दिवशी, जाड्या वकिलाचा कोट दाबत दाबत, अगदी सहज, "पुढच्या हिवाळ्यात तुला बसवतो कोटाला."

टाचणीनं बोटांवर महिने मोजले. पुढचा हिवाळा? आता कुठे उन्हाळा सुरू होतोय. तीन महिने म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी. यांना माहीत असतं तर आजच बसवलं असतं. पण माहीत करून द्यायचं नाही. मग कोट गेला. आणि हा विचार पुरता संपायच्या आत दुसरा आला: माणूस मरतोय आणि तुला कोटाचं पडलंय? तिला स्वतःची शिसारी आली. सांगावं असं वाटतंय ते त्यांच्यासाठी की कोटासाठी? तिनं खूप डोकं खाजवलं. उत्तर दर वेळी वेगळं यायचं.

तिनं आईला विचारलं. आई काजं करत होती.

"आई, तुला काही झालं तर तुला सांगायचं की नाही?"

"मला काय होतंय?"

"समज झालं."

"अशुभ बोलू नकोस," आई म्हणाली. मग दोन काजं झाल्यावर म्हणाली, "सांग. नाही, नको सांगूस. मला काय माहीत गं! काज चुकवलंस माझं."

पंधरा-वीस दिवसांत मास्तर उतरायला लागले. ताटातला भात तसाच राहायचा, चहा तेवढा जायचा. आणि शिंप्याचं शरीर उतरलं की आधी त्याला काय कळणार? पॅन्ट. एका सकाळी मास्तर कमरेची पॅन्ट मुठीत धरून जिना उतरले आणि म्हणाले, "हे कापड सैल पडलंय का मी?"

बाबा तिथेच होते. बाबा मालाचा टेम्पो चालवतात, रस्त्यात ट्रक आडवा आला तरी घाबरत नाहीत. पण या एका वाक्यानं त्यांना घाम फुटला. "कापड, कापडच! हल्लीचं कापड काही खरं नाही अण्णा," म्हणाले आणि बाहेर जाऊन आत्याला फोन लावला.

आत्यानं फोनवरून तोडगा काढला. तोडगा काय, डोक्याचं खोबरं होईल असा. मास्तरांच्या तीन पॅन्टी होत्या, तपकिरी, करडी आणि काळी. एक अंगावर, एक दोरीवर, एक कपाटात. जी अंगावर नाही ती गुपचूप आत घ्यायची. थोडी थोडी. म्हणजे ते वाळत जातील तशी पॅन्टही वाळत जाईल, आणि त्यांना कमरेला काही कळणार नाही.

"शिंप्याला फसवायचं? शिवून?" टाचणी म्हणाली. "आत्या, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"मग तू सांग दुसरं काही."

टाचणीकडे दुसरं काही नव्हतं. आणि हे काम करणार कोण, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. त्या घरात मास्तरांसारखी टीप घालणारा एकच हात होता.

दुपारी एक ते तीन दुकान बंद असायचं. मास्तर खाली कटिंगच्या टेबलावर चादर घालून आडवे व्हायचे, आणि वर आईच्या छोट्या मशिनवर टाचणी आजोबांची पॅन्ट उसवायची. मागची मधली शिवण. मास्तर पॅन्टीत भरपूर माया ठेवायचे, माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड, पुढे माणूस सुटला तर सोडायला. आता सोडायची नव्हती, उलट आणखी आत ओढायची होती. दर वेळी दीड इंच. कमरेचा पट्टा उघड, शिवण घे, पट्टा बंद कर, लूप परत बस, इस्त्री मार. तीनच्या आत पॅन्ट दोरीवर. शेजारी आई बाहेर बघत उभी, चोराच्या सोबतिणीसारखी.

एवढं नीट काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं. आणि एवढं घाणेरडंही नाही.

एकदा, दोनदा, तीनदा. मास्तर काही बोलले नाहीत. पॅन्ट घालायचे, वर ओढायचे, खाली यायचे. एकदा आरशासमोर पाठमोरे उभे राहिले, मान वळवून बघितलं आणि म्हणाले, "हे मागचे दोन खिसे एकमेकांना भेटायला निघालेत वाटतं." टाचणी खाली वाकून सांडलेली बटणं वेचायला लागली. बटणं सांडलीच नव्हती.

कळलंय. नक्की कळलंय. असं ती धरून चालायची, आणि मग मास्तर असं काहीतरी करायचे की सगळं उलटं. बूट दुरुस्तीला टाकले आणि चांभाराला म्हणाले, "तळ चांगला दोन वर्षं टिकेल असा बसव." दोन वर्षं! म्हणजे नाही कळलं. तिला सुटल्यासारखं पण झालं आणि रडू पण आलं. मग त्याच दुपारी त्यांनी खिळ्यावरचे सगळे खाके उतरवून प्रत्येकावर पेन्सिलनं लिहायला घेतलं, हा कुणाचा, कधीचा, यात कुठे काय चुकतं. एकसष्ट वर्षं जे डोक्यात होतं ते कागदावर. म्हणजे कळलं? मग संध्याकाळी वकिलाला, "पुढच्या वर्षी या, तेव्हा पोट आणखी वाढलेलं असेल, मी ते धरूनच माया ठेवलीय."

ना शेंडा ना बुडखा. तिनं बाबांना विचारलं, "आजोबांना माहीत आहे का?" बाबा म्हणाले, "तू सांगितलंस?" ती म्हणाली, "नाही." ते म्हणाले, "मग कसं माहीत असेल?" आणि टेम्पो सुरू केला. तिनं आत्याला विचारलं. आत्या म्हणाली, "माणूस आशेवर जगतो. आशा काढून घेतली की माणूस जातो. तुला कळायचं नाही, तू लहान आहेस." मग आत्याचा आवाज फुटला आणि तिनं फोन ठेवला. आत्यावर चिडावं असं टाचणीनं ठरवलं होतं, तेही जमेना.

सव्वा महिना झाला. एका मंगळवारी, तीन वाजता दुकान उघडलं आणि मास्तरांनी काचेच्या दाराला आतून कडी घातली. पाटी उलटी केली. गळ्यातली टेप काढली आणि टाचणीच्या गळ्यात घातली.

"माझं माप घे."

"कशाला?"

"शिंप्याला माप कशाला विचारतेस? कपडा शिवायला."

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मास्तरांच्या दुकानात माप दोघांनी घ्यायचं असतं. एकानं टेप धरायची आणि आकडा मोठ्यानं बोलायचा, दुसऱ्यानं वहीत लिहायचं. बोलणाऱ्यानं टेप सांगेल तेच बोलायचं, गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून अर्धा इंचसुद्धा खायचा नाही. आणि स्वतःचं माप स्वतः घ्यायचं नाही, कारण वाकलं की ते बदलतं. मास्तरांचं माप आजी घ्यायची. आजी गेल्याला आठ वर्षं झाली. त्यानंतर ते जुन्या आकड्यावरच स्वतःच्या पॅन्टी कापत आले. कंबर चौतीस.

मास्तर मापवही घेऊन उभे राहिले, पेन्सिल जिभेला लावली. टाचणीनं टेप त्यांच्या कमरेभोवती फिरवली. हाताला हाड लागलं.

"बोल," मास्तर म्हणाले.

तिनं आकडा बघितला आणि टेप परत फिरवली.

"तपकिरी पॅन्टीचा पट्टा उलटा कर," ते म्हणाले. तपकिरी त्यांच्या अंगावरच होती. "मागे. बघ काय आहे."

तिनं पट्टा बाहेरच्या बाजूला दुमडला.

आत, मधल्या शिवणीवर, एकाखाली एक, तीन लाल टाके.

हा त्या दुकानाचा जुना रिवाज. दुसऱ्या कुठल्या शिंप्याकडे नाही. दुरुस्तीला आलेला कपडा उघडला की बंद करताना आत लाल दोऱ्याचा एक बारीक टाका घालायचा. एकदा उघडला, एक टाका. म्हणजे पुढे ज्याच्या हातात तो कपडा येईल त्याला कळतं की हा आधी कितीदा उसवलाय. तीन लाल टाके दिसले की चौथ्यांदा उघडायचा नाही, कापड दम सोडतं. स्टुलावर बसल्याच्या पहिल्या आठवड्यात मास्तरांनी तिला हे शिकवलं होतं, आणि नंतर ते तिच्या हातात असं बसलं की डोक्याला विचारायचीसुद्धा गरज उरली नाही. पट्टा बंद करायचा, सुई बदलायची, लाल टाका. चोरी करायला गेली आणि प्रत्येक वेळी सही करून आली!

"मी... मी घातले?" ती म्हणाली. तिला खरंच आठवत नव्हतं.

"मग काय वकिलानं घातले?"

"कधी बघितलेत?"

"पहिला घातलास त्याच दिवशी. पॅन्ट घालतो माणूस, डोळे मिटून घालतो का?"

"मग बोलला का नाहीत?" आता ती चिडली. रडायच्या ऐवजी ती नेहमी चिडते. "महिनाभर मला येड्यासारखं फिरवलंत! बुटाचे तळ काय, वकिलाची पुढच्या वर्षीची ढेरी काय! मला झोप नाही!"

"वकील मापाला उभा राहिला की काय करतो?" मास्तरांनी शांतपणे विचारलं.

"पोट आत ओढतो."

"मग आपण काय करतो?"

"थांबतो."

"का?"

"श्वास किती वेळ धरेल? कधीतरी सोडणारच. सोडला की मग माप घ्यायचं."

"हां," मास्तर म्हणाले. "मी थांबलो होतो. तू काही सोडेनास. शेवटी मलाच वेळ कमी पडतोय की काय असं वाटायला लागलं. बोल आता."

बाहेर एक सायकलवाला काचेला नाक लावून आत बघून गेला. टाचणीनं डोळे बाहीला पुसले, टेप सरळ केली, दोन बोटं आत घातली, जशी घालायची असतात तशी. आणि दुकानात जसं बोलतात तसं, मोठ्यानं म्हणाली:

"कंबर, एकोणतीस."

मास्तरांनी लिहिलं.

"छाती, साडेतेहतीस. खांदा, सतरा." खांद्याचं हाड काही वाळत नाही, तो तेवढाच होता. "बाही, साडेतेवीस. पाठ, उंची, एकोणतीस."

"आणखी?"

"झालं."

"एक राहिलं. डॉक्टरनं घेतलेलं. ते पण बोल. त्याच आवाजात."

तिनं टेपेचं टोक मुठीत घट्ट धरलं. आत्याचं बोट, आईचं चुकलेलं काज, बाबांचा घाम, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मास्तर पेन्सिल धरून उभे होते. त्यांनी विचारलं आणि तिनं अर्धा इंच खाल्ला तर मग ती त्या दुकानातली कोण?

"कॅन्सर. पोटात," ती म्हणाली. "तीन महिने. त्यातला सव्वा गेला."

मास्तरांनी खरंच लिहिलं. वहीत, पाठीच्या आकड्याखाली, उरलेले महिने १.७५. मग स्टुलावर बसले, तिच्या स्टुलावर. पेन्सिल हातातून घसरली ती त्यांनी उचलली नाही. टाचणीला वाटलं, आत्या बरोबर होती, गेले, मीच मारलं यांना. ती पाणी आणायला वळली.

"पॅन्ट तपकिरी आहे म्हणून बरं, घाबरून भिजली तरी दिसायची नाही," मास्तर म्हणाले.

"काय?"

"काही नाही. बस." मग थोड्या वेळानं, "मला वाटलं होतं वर्षभर तरी असेल. खाके पुरे होतील म्हटलं." आवाज जरा घोगरा झाला, त्यांनी खाकरून काढला. "कोट सहा महिन्यांचा आहे. पावणेदोनात बसवायचा तर मधलं काय गाळायचं ते बघावं लागेल. कॅनव्हास गाळता येत नाही. कॉलर गाळता येत नाही. माझी बडबड गाळू."

"कुणाचा कोट?"

"हे माप कुणाचं घेतलंस? जन्मभर लोकांचे कोट शिवले. मला एक नाही. आहे का?"

नव्हता. सहा वर्षं रोज बघून तिच्या लक्षात आलं नव्हतं.

रात्रीचं जेवण त्या घरात लवकर असतं. आईनं वाढलं, बाबा हात धुऊन बसले, आत्या आलेली होती, दर मंगळवारी औषध घेऊन यायची. मास्तरांनी दोन घास खाल्ले, ताट थोडं पुढे सारलं आणि म्हणाले, "उद्यापासून माझ्या पॅन्टी मीच आत घेईन. हिची टीप मागे जरा तिरकी येते."

आईचा हात भांड्यातच राहिला.

"कसली पॅन्ट अण्णा?" बाबा म्हणाले. विचारायला नको होतं, पण बाबांना गप्प बसवत नाही.

"तपकिरी, करडी, काळी. आणि ते अल्सर, सूज, पित्त तिघांनाही आता जागा खाली करायला सांगा. खरा भाडेकरू कोण ते मला कळलंय."

बाबांनी ताटावर डोकं टेकलं आणि पोरासारखे रडायला लागले. आत्या रडली नाही. ती टाचणीकडे बघत होती. "तू सांगितलंस."

"मी माप बोलले," टाचणी म्हणाली.

"तुला एक काम दिलं होतं. एकच. गप्प राहायचं."

"तिला ओरडू नकोस," मास्तर म्हणाले. "तुला कोण ओरडलं होतं, तू बारावीत असताना माझी पेटी उघडून तुझ्या आईच्या पहिल्या दुखण्याचा डॉक्टरचा कागद वाचलास तेव्हा? मी लपवला होता. तू वाचलास आणि तीन दिवस माझ्याशी बोलली नाहीस."

आत्यानं हातातला घास ताटात ठेवला. ती उठून गॅलरीत गेली. तिच्यामागे कुणी गेलं नाही. बऱ्याच वेळानं आईनं तिचं ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात नवं काम घेणं बंद. करड्या रंगाचं जाड लोकरी कापड टेबलावर पसरलं, उन्हाळ्यात. मास्तर खुर्चीत, टाचणी उभी. ती खडू मारायची, ते म्हणायचे, पूस. परत मारायची, पूस. कधी त्यांना इतकं दुखायचं की ते डोळे मिटून नुसता हात हलवायचे, आणि त्या हलण्यावरून तिला कळायचं की कॉलर कुठे वळायची. कधी ते भलत्याच गिऱ्हाइकाविषयी बोलायचे, चाळीस वर्षांपूर्वीच्या, आणि तिला समजायचं नाही की हे शिकवणं आहे की भरकटणं. ती दोन्ही लिहून ठेवायची.

आणि त्यांचं खाणं आणखी कमी झालं. हे पण खरं आहे. सांगितल्यामुळे झालं की व्हायचंच होतं? डॉक्टरला विचारलं तर म्हणाला, सांगता येत नाही. आत्या म्हणते, सांगता येतं. आत्या तिच्याशी बोलते, पण नाव घेऊन हाक मारत नाही. टाचणी रोज सकाळी दुकानाची कडी काढताना स्वतःला विचारते, बरं केलं की वाईट? एखाद्या दिवशी कडी निघेपर्यंत उत्तर येतं. दुपारपर्यंत ते जुनं होतं.

पहिल्या ट्रायलला सगळे खाली आले. कोट कच्च्या धाग्यात टाचलेला, बाह्या नुसत्या अडकवलेल्या. मास्तरांना दोन बाजूंनी धरून बाबा आणि आईनं उभं केलं. टाचणीनं त्यांच्या अंगावर कोट चढवला आणि मागे सरकली.

खांद्याला झकास बसला होता. पोटावर मात्र हवेत उभा. चार आठवड्यांपूर्वीच्या मापाचा तो कोट, आणि त्याच्या आत माणूस राहिला नव्हता तेवढा.

मग आत्या पुढे आली. टेबलावरची टाचण्यांची डबी उचलली आणि टाचणीसमोर धरली.

टाचणीनं दोन्ही कडेच्या शिवणी चिमटीत धरल्या, आत घेतल्या, टाचल्या. कोट उतरवला, तिथेच टेबलावर शिवण उसवली, नवी टीप घातली. मास्तर खुर्चीत बसून बघत होते. डोळे अर्धे मिटलेले. सगळ्यांना वाटलं, लागली झोप.

"लाल?" त्यांनी विचारलं.

"घातला."

"दाखव."

तिनं कोट उलटा केला आणि आतली शिवण त्यांच्या डोळ्यांजवळ नेली.